पुनर्निर्देशन

रात्री अकरा बावीसला कुणीतरी पुन्हा
माझा म्हसओहोळ पुसला
आणि त्या जागी लिहिलं, अमृतवाहिनी.
बदलाचं कारण : सुधारणा.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
तिकिटांचे ताव तपासलेत मी.
एक वेलांटी तुटकी निघाली
तर अख्खा ताव जळायचा, आणि जळाल्याचीही
नोंद व्हायची, दोन सह्यांनिशी.
मला सुधारणा शिकवू नये.

उलटवलं.
अकरा एकोणतीसला त्यानं उलटवलं.

ओहोळ तो केवढा!
पाथर्डी फाट्यामागे कुठेतरी उगवतो,
एक गॅरेज, एक मंगल कार्यालय ओलांडून
वालदेवीला मिळतो. उन्हाळ्यात तेही नाही.
म्हशी बसायच्या त्यात गळ्यापर्यंत,
डोळे मिटून, पेन्शन सुरू झाल्यासारख्या.
त्यावरून नाव पडलं.
पडलं. कुणी ठेवलं नव्हतं.
ठेवलं महापालिकेनं, हिरव्या पाटीवर,
पाटीमागे चौदा मजले उभे राहिले तेव्हा.
म्हशींच्या पाण्याकाठी
टू-बीएचके कोण घेणार?

चर्चापानावर जमले सगळे.
गोदापुत्र९ म्हणाला, सरकारी तेच खरं.
सांगलीचा प्रचालक म्हणाला, संकेत असा की
जे सर्वाधिक प्रचलित ते शीर्षक. संदर्भ द्या.
मी लिहिलं, इथे गोदावरीला गंगा म्हणतात,
'गंगेवर जाऊन येतो' म्हणत
पिशवी घेऊन मेथीची जुडी आणायला निघतात,
मग हे प्रचलित कुठल्या पानावर घ्यायचं?
विषयांतर नको, म्हणाला.
मधेच कुणी तेजल खैरनार शिरली :
आधी शहराचंच ठरवा की, श का स,
नऊ शिखरं का कापलेलं नाक,
आणि गुलशनाबादची वर्षं कुठल्या खिशात घालायची?
तिला कुणी उत्तर दिलं नाही.
मीही नाही.

संदर्भासाठी पायपीट केली.
भूमी अभिलेखात कापडावर डकवलेला नकाशा निघाला,
त्यावर माझा ओहोळ, निळ्या शाईत, वळणासकट.
नावाच्या जागी नुसतं 'ओहोळ'.
गवळ्यांतला शेवटचा, बाबुशा घोटेकर,
खाटेवर उठून बसला :
नाव कसलं? आम्ही 'खाली' म्हणायचो.
म्हशी खाली नेल्या. म्हशी खालून आणल्या.

हे मी चर्चापानावर टाकलं नाही.

एक वाजता बायको पाण्याला उठली.
तिला थांबवून वाचून दाखवलं, ठसक्यात :
'ज्याचं नाव त्याला न विचारता
जन्मापासूनची ओळख पुसून टाकणं
हे कोणत्या संकेतात बसतं?'
तिनं तांब्या ओठांपासून खाली घेतला.
आनि मन्हं?
म्हणाली, आणि आत गेली.

शहाऐंशीचा मे. देवळालीगावचं घर.
ताटात तांदूळ पसरले होते,
अंगठीनं मी लिहिलं : अर्चना.
काय वळणदार अक्षर, सगळे म्हणाले.
सटाण्याहून निघताना ती कौतिक होती.
तिचा भाऊ अजून फोन करतो,
मी उचलला तर चाचरत विचारतो,
'त्या... आहेत का?'
ती बोलायला लागली की पलीकडून
त्याचं 'कौती गं' इथवर ऐकू येतं.
मग तासभर ती अहिराणीत हसते.
असं हसणारी बाई
माझ्या रेशनकार्डावर नाही.

प्रचालकानं तोडगा काढून ठेवलाय :
शीर्षक नवं राहील,
जुन्या नावानं कुणी शोधत आला
तर त्याला गुपचूप नव्याकडे नेऊन सोडावं.
याला पुनर्निर्देशन म्हणतात.
जुनं नाव मरत नाही,
त्याला पान नसतं, एवढंच.

सहमती? त्याखाली चौघांच्या सह्या.
पाचवी जागा रिकामी, कर्सर लुकलुकतोय.

दिवा घालवून आत गेलो.
अंधारात हळूच म्हणून पाहिलं, कौतिक.
कूस वळली.
झोपेत, का ओ दिली,
याला माझ्याकडे संदर्भ नाही.

बाहेरच्या खोलीत टिंग झालं.
उलटवलं असणार.